सुरुवात टाकीपासून

निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली, पण अर्ज लिहून देण्याच्या कामातून काही मला निवृत्ती मिळालेली नाही. सोसायटीला पाणी कमी आलं की महापालिकेच्या टी वॉर्डाला अर्ज मी लिहायचा, कोणाच्या पेन्शनचं अडलं की मी लिहायचा. मराठीची बाई होते ना! आता सगळं ऑनलाइन भरायचं असतं, तरी सोबत एक निवेदन लागतंच, आणि ते घेऊन लोक माझ्याकडे येतात. मला ते आवडतंही. कोणाच्या तरी उपयोगी पडतोय असं वाटतं.

परवा असाच माझा एक जुना विद्यार्थी आला. जुना म्हणजे आता पंचावन्न वर्षांचा, पण माझ्या डोळ्यांसमोर तो अजून तिसऱ्या बाकावर हाफ पँटमध्येच बसलेला असतो.

"बाई, आजोबांच्या जीपची व्हिंटेज म्हणून नोंदणी करायची आहे. आरटीओसाठी निवेदन लिहून द्याल?"

त्याने आणलेला कच्चा मजकूर मी वाचला. चांगला लिहिला होता, शुद्धलेखनही बरं होतं. पण त्यात एक वाक्य होतं : 'सदर वाहन मूळ स्वरूपात असून त्याच्या इंजिनात कोणताही फेरफार केलेला नाही.'

मी चष्मा काढून ठेवला. कारण दोन वर्षांपूर्वी त्याच जीपमध्ये बसवलेल्या फ्युएल इंजेक्शनचे पेढे मी खाल्ले होते!

तुम्ही म्हणाल, मराठी आणि इतिहास शिकवणाऱ्या बाईला यातलं काय कळतंय? थोडंफार कळतं. माझे वडील कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये फिटर होते. १९४४ साली वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली ही कंपनी. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून डॉज आणि फार्गो ट्रक बाहेर पडले, फियाट पडली, तिचीच पुढे पद्मिनी झाली. आम्ही घाटकोपरला राहायचो. लालबहादूर शास्त्री मार्गाला तेव्हा आग्रा रोड म्हणत. रात्री वडील जेवायला बसले की त्यांच्या नखांत काळं असायचं आणि बोलण्यात कार्बोरेटर. कोणाची गाडी बंद पडली की ते सांगायचे, "आधी टाकी बघा, मग नळी बघा, मग पंप, आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटरला हात लावा." लोक नेमकं उलटं करत. बॉनेट उघडलं की जे दिसतं, ते आधी खोलायचं.

तर ही जीप. महिंद्रची, १९६० च्या दशकातली, पेट्रोलवर चालणारी. महिंद्रंचा उद्योग १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाला, १९४८ मध्ये नाव बदललं, आणि विलीज कंपनीच्या जीप मुंबईत जोडता जोडता पुढे त्या इथेच बनू लागल्या. आपल्या कांदिवलीला या कंपनीचा मोठा कारखाना आहे, हे उपनगरात राहणाऱ्यांना सांगायला नको. सीजे-३बी म्हणून जे मॉडेल आहे, त्याचं बॉनेट उंच असतं. आतलं इंजिन आधीच्या इंजिनापेक्षा उंच म्हणून बॉनेटही उंच. दिसायला जरा बेढब, पण कामाला वाघ. माझ्या विद्यार्थ्याच्या आजोबांची लाकडाची वखार होती. ही जीप म्हणजे त्यांचा छोटा ट्रकच. फळ्या, कामगार, पाहुणे, लग्नाचं वऱ्हाड, काय म्हणाल ते तिने वाहिलं.

आजोबा गेले, वखार गेली, तिथे इमारत आली. जीप मात्र या मुलाने जपली. पण जुनी पेट्रोल जीप मुंबईत चालवणं म्हणजे रोजची परीक्षा. सकाळी चोक ओढा, दुपारच्या उन्हात सिग्नलला उभी राहिली की बंद. पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. पूर्वी फियाटवाले आणि जीपवाले एसी पंपावर ओला फडका टाकून घाट चढायचे, ते याचसाठी. (एसी म्हणजे वातानुकूलित नव्हे हो! पंपाच्या कंपनीवरून पडलेलं नाव.) त्यात आता २०२५ पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, जुन्या रबराला मानवत नाही. पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या नळ्या आणि पडदे यासाठी बनलेलेच नव्हते.

म्हणून त्याने परदेशातून इंजेक्शनचा संच मागवला. दिसायला तो कार्बोरेटरसारखाच, त्याच जागी बसणारा. पोटात इंजेक्टर आणि छोटा कॉम्प्युटर. सायलेन्सरच्या नळीत एक सेन्सर बसतो, तो धुरातला ऑक्सिजन मोजून सांगतो की पेट्रोल जास्त झालं की कमी. मग कॉम्प्युटर हिशेबाने फवारा सोडतो. सहा व्होल्टची जुनी वीजव्यवस्था काढून बारा व्होल्टची केली, डायनॅमो काढून अल्टरनेटर बसवला. जीप एका चावीत सुरू झाली आणि तो पेढे घेऊन आला. मलाही आनंद झाला. वडील असते तर त्यांनी तासभर त्या फवाऱ्याकडे बघत काढला असता.

पण त्यांनी आधी विचारलं असतं, "टाकीचं काय केलंस?"

टाकीचं काहीच केलं नव्हतं. आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे.

हे जरा समजावून सांगते, कंटाळू नका. कार्बोरेटरमध्ये एक वाटी असते. त्यात फ्लोट तरंगतो, पेट्रोल भरलं की काटा वर जाऊन वाट बंद करतो. संडासाच्या टाकीत असतो तसाच बॉल. इंजिन त्या वाटीतून पितं. पंपाने फक्त वाटी भरत ठेवायची. दाब किती? तीन ते पाच पौंड. टाकीतलं पेट्रोल चढावर मागे सरकलं, पंपाने क्षणभर हवा ओढली, तरी वाटीत साठा असतो. जरासा गंज आला तर तळाशी बसतो. कार्बोरेटर म्हणजे एकत्र कुटुंबातली मोठी जाऊ, सगळ्यांचं सांभाळून घेणारी.

इंजेक्शनला असली वाटी नसते. त्याला पेट्रोल लागतं ते ४५ ते ६० पौंड दाबाने. मोटारीच्या टायरमध्ये साधारण ३० पौंड हवा असते, त्यावरून अंदाज करा. त्यासाठी विजेचा पंप लागतो. तो सतत पूर्ण जोराने ढकलत असतो आणि इंजिनाला तर थोडंच हवं असतं. उरलेलं कुठे जाणार? दाब ठरवणाऱ्या रेग्युलेटरमधून वेगळ्या परतीच्या नळीने पुन्हा टाकीत. म्हणजे टाकीला एक नवं तोंड हवं. परतीचं पेट्रोल वरून धबधब्यासारखं पडलं तर फेस होतो आणि पंप तो फेस ओढतो, म्हणून ती नळी आत खोलवर, आणि ओढणाऱ्या नळीपासून लांब सोडायची. हा पंप ढकलण्यात पटाईत पण ओढण्यात कच्चा, म्हणून तो टाकीच्या आत किंवा टाकीजवळ खाली हवा. आत असला तर पेट्रोलमध्ये बुडून थंडही राहतो. पंपाच्या आधी जाड गाळणी, नंतर बारीक गाळणी. इंजेक्टरचं भोक इतकं बारीक की जुन्या टाकीतला गंज त्याला दोन दिवसांत बुजवून टाकेल.

शिवाय जुन्या टाकीत आडव्या भिंती नसतात. पेट्रोल कमी असलं की वळणावर ते एका कोपऱ्यात जातं, पंप हवा गिळतो, आणि वाटी नसल्यामुळे इंजिन त्याच क्षणी गचके खातं. त्यावर उपाय म्हणजे पंपाभोवती कायम भरलेला राहील असा छोटा डबा. थोडक्यात, कार्बोरेटरची ती वाटी पुन्हा एकदा, फक्त इंजिनाजवळ नसून टाकीजवळ!

यातून फायदाही मोठा आहे. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये पाणी शंभर अंशांना उकळत नाही, तेच तत्त्व. पंप टाकीजवळ, नळ्यांत दाब, गरम झालेलं पेट्रोल फिरून परत टाकीत. ओला फडका सुटला. पण हा फायदा त्या चकचकीत संचाचा नाही, मागच्या न दिसणाऱ्या नळ्यांचा आहे.

माझ्या विद्यार्थ्याच्या मिस्त्रीने काय केलं? संच बसवला, जुन्याच टाकीच्या जुन्याच तोंडाला विजेचा पंप लावला, परतीची नळी पेट्रोल भरायच्या नळीत वरूनच सोडली, आणि वापरली ती कार्बोरेटरसाठी मिळते ती साधी रबरी नळी, साध्या पेचाच्या क्लिपने आवळलेली. पंपाची तार थेट चावीला जोडली. खरं तर ती कॉम्प्युटरच्या रिलेमधून घ्यायची असते, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप थांबतो. याने तेवढं काम वाचवलं.

पहिल्याच मे महिन्यात नाशिकला जाताना कसारा घाटात जीप गचके खाऊ लागली. टाकी पाव भरलेली होती. त्याला वाटलं, संच खराब निघाला. परत येताना मुलुंड चेक नाक्याच्या गर्दीत इंजिन बंद पडलं आणि मागून त्याची मुलगी म्हणाली, "बाबा, पेट्रोलचा वास येतोय." इंजिन बंद, पण चावी चालू, म्हणजे पंप चालू. क्लिप नळीत रुतून नळी फाटली होती आणि पेट्रोलची धार लागली होती. आणि या जीपची टाकी कुठे असते ठाऊक आहे? ड्रायव्हरच्या सीटखाली!

त्याने चावी बंद केली, सगळे उतरले. कोणाला काही झालं नाही. नुसती ठिणगी पडली असती तर हा लेख मी वेगळा लिहिला असता, किंवा लिहिलाच नसता.

त्यानंतर त्याने दुसरा मिस्त्री गाठला आणि सगळं नीट करून घेतलं. टाकी उतरवून आतून साफ केली, पंप आत बसवला, परतीचं तोंड केलं, इंजेक्शनच्या दाबाच्या आणि इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या, योग्य क्लिपा, रिले, आणि धक्का बसला की पंप तोडणारा स्विच. "बाई, संचापेक्षा टाकीच्या कामाला जास्त दिवस लागले," असं तो म्हणाला होता. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे मी त्याला सातवीत शिकवलं होतं. पण म्हणींचं असं असतं, अर्थ परीक्षेत लिहिता येतो आणि कळतो चेक नाक्यावर.

आता पुन्हा त्या अर्जाकडे येते.

जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी, व्यावसायिक वापर नसलेली दुचाकी-चारचाकी वाहनं त्यात येतात. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नोंदणी दहा वर्षांची, क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरं. अट अशी, की वाहन मूळ स्वरूपात असावं आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. आणि अशी गाडी रोज बाजारात न्यायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची.

माझ्या विद्यार्थ्याचं म्हणणं असं : इंजिन तेच, इंजिन क्रमांक तोच, इंधन पेट्रोलच. नोंदणी पुस्तकातला एकही रकाना बदललेला नाही. जुना कार्बोरेटर जपून ठेवला आहे, तपासणीच्या दिवशी तासाभरात बसवता येईल. "सगळेच करतात, बाई."

मला त्याचं प्रेम दिसतं. ते दोन अक्षरांचं कौतुक त्याला आजोबांसाठी हवं आहे. पण माझं मत मी त्याला सांगितलं, तेच इथे लिहिते.

जुन्या गाडीत बदल करू नये असं मी मुळीच म्हणत नाही. बदल न करता नुसती झाकून ठेवलेली गाडी म्हणजे शोकेसमधली पैठणी. काही पैठण्या तशा ठेवाव्यातही, पुढच्या पिढीला मूळ विणकाम बघायला मिळतं. पण जी गाडी रस्त्यावर धावायची आहे, तिला आजचं पेट्रोल पचलं पाहिजे, तिने मागच्या रिक्षावाल्याच्या नाकात धूर सोडता कामा नये आणि आतल्या माणसांना घरी सुखरूप पोचवलं पाहिजे. त्यासाठी इंजेक्शन बसवलं तर मूळपणाला धक्का लागला म्हणून मी रडणार नाही. वडीलही रडले नसते. सुधारणा हा फिटरचा धर्मच.

पण दोन गोष्टी पाळाव्यात. बदल टाकीपासून करावा, आणि केलेला बदल कागदावर लिहावा.

या दोन गोष्टी मला एकच वाटतात. टाकी न बघता संच बसवणारा आणि बदल लपवून 'मूळ स्वरूपात' लिहिणारा, दोघंही बॉनेट उघडल्यावर दिसतं तेवढंच नीट ठेवतात. आणि त्याची किंमत पुढचा माणूस मोजतो. उद्या ही जीप त्याच्या मुलीकडे जाईल, किंवा विकली जाईल. नवा मालक कागद बघेल, मूळ गाडी आहे म्हणून साध्या गल्लीतल्या मिस्त्रीकडे नेईल. तो मिस्त्री पाच पौंडांची नळी समजून ६० पौंडांची नळी सोडेल. पुढे काय होईल ते मी सांगायला नको. मी आयुष्यभर मुलांना इतिहास शिकवला. कागदावर खोटं लिहिलं की पुढच्या माणसाला चूक शोधायची वाटच राहत नाही, एवढं तरी त्यातून कळलं.

आपल्याच शहरात याचं चांगलं उदाहरण आहे. प्रदूषणाविरुद्ध स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमने मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, आणि २००० नंतरच्या वर्षांत न्यायालयाच्या आदेशांमुळे हजारो जुन्या पद्मिनी टॅक्स्या सीएनजीवर आल्या. तेव्हा टॅक्सीवाल्यांनी खूप कटकट केली. डिकीत सिलिंडर, सामान ठेवायला जागा नाही, चढावर ओढ कमी. पण काम टाकीपासून झालं. नवी टाकी, नव्या नळ्या, मान्यताप्राप्त कीट, सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी, आणि नोंदणी पुस्तकात इंधन बदलल्याची नोंद. त्या गाड्या पुढे अनेक वर्षं चालल्या. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची नोंदणी झालेली. वीस वर्षांची मुदत संपली तेव्हा, ३० ऑक्टोबर २०२३ पासून, मुंबईच्या रस्त्यावरून ती सन्मानाने निवृत्त झाली. वडिलांच्या कारखान्याची गाडी म्हणून मी त्या दिवशी पेपरातला फोटो कापून ठेवला. तिच्या पोटात सीएनजी होता म्हणून ती कोणाला खोटी वाटली नाही.

तुम्ही म्हणाल, नियमच अडचणीचे आहेत. थोडं खरं आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये फेरफाराबद्दल कडक तरतूद आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध जाणारा फेरफार चालणार नाही असं बजावलं. त्यामागे रस्त्यावरच्या माणसाची सुरक्षितता आहे, ते मला पटतं. पण सीएनजीसाठी जशी ठरलेली वाट आहे, मान्य संच, तपासणी, नोंद, तशीच सोपी वाट जुन्या पेट्रोल गाडीच्या इंजेक्शनसाठीही सरकारने आखावी. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आल्यावर नव्या स्कूटरसुद्धा इंजेक्शनच्या झाल्या. मग जुन्या गाडीने स्वच्छ व्हायचं ठरवलं, तर तिला चोरासारखं का वागावं लागावं? सरळ वाट दिली तर निम्मे लोक तरी सरळ चालतील असा माझा अनुभव आहे. शाळेतला अनुभव!

हे सगळं ऐकून तो थोडा वेळ गप्प बसला. चहा निवला. मग म्हणाला, "म्हणजे व्हीए नंबर नाहीच?"

"अरे, कार्बोरेटर कायमचा परत बसव, मूळ सगळं परत कर, आणि खुशाल घे. मी एक पान सोडून दोन पानं लिहून देईन."

"मग रोज चालवता येणार नाही."

"नाही येणार. ठरव तू."

त्याने अजून ठरवलेलं नाही. मध्येच येतो, काहीतरी विचारून जातो. त्याच्या आईचं म्हणणं नंबर घ्यावा, मुलीचं म्हणणं जीप चालवावी.

निवेदन मी लिहिलं नाही. पण त्याला रिकाम्या हाताने पाठवायचं जिवावर आलं. म्हणून वहीचं एक पान घेतलं आणि तो सांगत गेला तसं लिहीत गेले. टाकी कधी उतरवली, पंप कोणता, कुठे बसवला, दाब किती, परतीची नळी कुठून कुठे जाते, रिले कुठे, पंप तोडणारा स्विच कुठे, नळ्या कधी बदलल्या, पुन्हा कधी बदलायच्या, जुना कार्बोरेटर घरात कोणत्या कपाटात आहे. पान भरलं. खाली त्याने सही केली, तारीख घातली. ते प्लॅस्टिकमध्ये घालून जीपमध्ये ठेवायचं, असं आमचं ठरलं.

जाताना त्याने पान वाचून पाहिलं आणि म्हणाला, "बाई, 'इंजेक्टर' शब्दाला मराठी लिहायला हवं होतं का?"

म्हटलं, राहू दे. मिस्त्रीला कळलं पाहिजे.